पट्टा पुन्हा पुन्हा सुटतोय? तक्रारीची तारीख सोडा, पट्टा बनल्याची तारीख बघा

उसाचा हंगाम जोरात सुरू झाला की आमच्या कारखान्यात ठरलेला फोन यायचा. "साहेब, परत पट्टा निघाला. गिऱ्हाईक दारात बसलंय, काय सांगू त्याला?" फोन रिट्रेडरचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवणाऱ्याचा. टायर १०.००-२० मापाचा, ट्रकच्या मागच्या जोडीतला, केसिंग, म्हणजे टायरचा जुना सांगाडा, धडधाकट, वरचा प्रीक्युअर, म्हणजे आधीच शिजवलेला, नक्षीचा पट्टा आमचा. आठवड्याभरात दुसरा फोन, मग तिसरा. जानेवारी संपेपर्यंत सगळं शांत व्हायचं आणि एप्रिलच्या उन्हात पुन्हा तेच. असं सलग काही वर्षं चाललं.

दोन्ही वेळच्या तक्रारींना आमच्याकडे उत्तर तयार होतं. नोव्हेंबरात म्हणायचं, "उसाचा जादा माल भरलाय, पट्टा राहील कसा?" एप्रिलमध्ये म्हणायचं, "डांबर तापलंय, टायर भाजणारच." दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. जादा भाराने आणि उन्हाने टायर तापतो, आणि तापलेल्या टायरमध्ये जिथला जोड कच्चा तिथून पट्टा आधी सुटतो. पण तो जोड मुळात कच्चा का राहिला, हे आम्ही विचारतच नव्हतो.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका प्रीक्युअर ट्रेडच्या कारखान्यात बरीच वर्षं उत्पादन आणि तपासणी, दोन्ही बघितली. याच कामातल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. रिमोल्डच्या, म्हणजे रिट्रेडरच्या, दुकानात काम करणाऱ्यांनीही जरूर वाचावं, कारण दोष कारखान्याचा असतानाही बोल बऱ्याचदा त्यांनाच लागतो.

पद्धत थोडक्यात सांगतो. मोल्ड क्युअर, म्हणजे गरम पद्धतीत केसिंगवर कच्चं रबर चढवतात आणि साच्यात घालून ते तिथेच शिजवतात, म्हणजे उष्णतेने पक्कं करतात; यालाच क्युअर म्हणतात. प्रीक्युअर पद्धतीत नक्षीसकट पट्टा आधीच प्रेसमध्ये शिजवून ठेवलेला असतो. रिट्रेडर केसिंग बफ करतो, म्हणजे खरवडतो, सिमेंट लावतो, एक-दीड मिलिमीटरचं कच्चं कुशन गम चढवतो, त्यावर पट्टा गुंडाळतो, एन्व्हलप, म्हणजे रबरी आवरण, घालतो आणि टायर तापवायच्या बंद चेंबरमध्ये लावतो. तिथे शंभर अंशांच्या थोडंफार वर, दाबाखाली, तीन-चार तास. ही युक्ती जर्मनीतल्या बर्नहार्ड नोवाक यांची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या रॉय कार्व्हर यांनी १९५७ साली तिचे हक्क घेतले आणि त्यातून बँडॅग कंपनी उभी राहिली. बँडॅग या नावातच नोवाक यांची आद्याक्षरं आणि त्यांचं गाव डार्मस्टाट आहे. इतिहास सांगायचं कारण असं की या पद्धतीची ताकद आणि तिचा कच्चा दुवा एकाच जागी आहे. एक शिजलेलं रबर दुसऱ्या शिजलेल्या रबराला चिकटवायचं, आणि मध्ये फक्त तो दीड मिलिमीटरचा थर. पट्ट्याची नक्षी गिऱ्हाईक बघतं. पण टायर धरून ठेवते ती पट्ट्याची पाठ.

आणि आमच्या कारखान्यात सगळं लक्ष नक्षीकडे होतं.

आधी तारीख

पहिली अडचण अशी की परत आलेला पट्टा कधी बनला, कोणत्या प्रेसवर बनला, हे आम्हाला कळायचंच नाही. बॅच नंबर कॉइलच्या, म्हणजे गुंडाळलेल्या पट्ट्याच्या, लेबलवर असायचा. रिट्रेडर कॉइल उघडायचा, पाठीवरची पॉली (प्लॅस्टिकचा पातळ कागद) सोलायचा, लेबल कचऱ्यात जायचं. टायर दोन-तीन महिन्यांनी फुटून आला की हातात नुसतं काळं रबर.

म्हणून सगळ्यात आधी मोल्ड बदलून घेतले. आमचे मोल्ड साधारण १० मीटर लांबीचे. खांद्याच्या, म्हणजे पट्ट्याच्या जाड कडेच्या, खाचेच्या तळाशी, जिथे घासायला सगळ्यात उशीर लागतो तिथे, दर मीटरला १ ते १० असे आकडे कोरून घेतले. शेजारी प्रेसचा नंबर आणि महिना-वर्षाची बदलता येणारी पितळी टिकली. टिकली दर महिन्याच्या एक तारखेला बदलायची. खर्च नगण्य, पण आम्ही जे जे केलं त्यात सर्वांत जास्त फळ यानेच दिलं. तुम्ही या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मग तक्रारवहीत एक रकाना वाढवला, बनल्याचा महिना. वर्षभराच्या नोंदी झाल्यावर तक्रारीच्या तारखेऐवजी त्या रकान्याने वही लावली. नोव्हेंबरात आलेले बहुतेक पट्टे जुलै-ऑगस्टमध्ये बनलेले. एप्रिलमध्ये आलेले डिसेंबर-जानेवारीतले. कॉइल महिना-दोन महिने गोदामात आणि दुकानात पडून राहते, मग टायरवर चढते, मग काही हजार किलोमीटर धावते. दोष पावसाळ्यात तयार व्हायचा आणि दिसायचा ऊस भरल्यावर. थंडीतला दोष उन्हाळ्यात उघडा पडायचा. ऊस आणि ऊन यांनी दोष बाहेर काढला होता, पण तो घातला होता आम्ही.

सुटलेला तुकडा वाचायचा कसा

तुकडा हातात आला की तो उन्हात न्या आणि पाठ तिरकी धरा. ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं.

जुलैच्या ढिगातला एक तुकडा मला अजून आठवतो. पाठीवर आमच्या तारेच्या ब्रशचे ओरखडे जसेच्या तसे, समांतर, बारीक, जणू आताच बफ करून आणलेत. केसिंगकडच्या कुशनवर त्याच ओरखड्यांचा उलटा ठसा. म्हणजे कुशन वितळून त्या ओरखड्यांत शिरलं होतं, तिथे शिजलंही होतं, पण धरलं कुठेच नव्हतं. नखाने कोपरा उचलला तर उरलेला भाग कागदासारखा सोलून आला. मधेमधे डाळीएवढे चकचकीत गोल डाग, तिथे कुशन पाठीला टेकलंच नव्हतं.

जानेवारीच्या ढिगात असं काही नव्हतं. तिथे जोड पक्का होता. कुशन केसिंगलाही घट्ट आणि पट्ट्यालाही घट्ट. फाटलं होतं ते पट्ट्याचं स्वतःचं रबर, खांद्याच्या पोटातून. केसिंगवर पट्ट्याचा थर शिल्लक, आणि फाटलेल्या जागी भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पावाच्या तुकड्यासारखं स्पंजी.

तक्रारवहीत दोन्हींपुढे एकच शब्द लिहिलेला, "पट्टा सुटला". पण पहिला सुटला जोडातून आणि दुसरा फाटला पोटातून. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आम्ही कित्येक वर्षं दोन्हींवर एकच उपाय करत होतो, सिमेंट घट्ट करायचा. त्याने पावसाळ्यातला आजार उलट वाढला. ते कसं, ते पुढे येतं.

तिसरीही एक खूण आहे. कुशन पट्ट्याला चिकटून आलं आणि केसिंग साफ निघालं, तर शोध केसिंगच्या बाजूला घ्या. बफिंग, केसिंगवरचं सिमेंट, जुनं झालेलं कुशन, एन्व्हलपची गळती, चेंबरचं तापमान. तो भाग रिट्रेडरचा, आणि तिथे सरळ, शांतपणे बोलावं.

पावसाळ्यातला आजार

पट्टा प्रेसमधून निघाला की थंड होतो, मग पाठ बफ होते, धूळ हवेच्या झोताने उडवली जाते, सिमेंटचा फवारा बसतो, सिमेंट वाळलं की पॉली लागते आणि कॉइल गुंडाळली जाते. या साखळीत आमच्याकडे पाणी दोन जागी शिरत होतं.

पहिली जागा कॉम्प्रेसरची हवा. बफिंगवरच्या मामांनी ती दाखवली. त्यांनी पांढरा कोरा कागद घेतला, हवेच्या नळीपुढे वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरला आणि माझ्या हातात दिला. कागद दमट, आणि मधोमध तेलाचा पिवळसर ठिपका. आम्ही धूळ उडवत होतो आणि ताज्या बफ केलेल्या पाठीवर तेल-पाण्याचा फवारा मारत होतो. मामा म्हणाले, "हे मी लई दिवस बघतोय, पण हवा कुणी विचारली नाही मला." तेव्हापासून दर शिफ्टला टाकीचा निचरा, लाइनवर ड्रायर आणि तेल अडवणारा फिल्टर. आणि पाठीवरची धूळ शक्यतो झोताने उडवायची नाही, व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. कागदाची परीक्षा आजही रोज सकाळी होते. कागदावर तारीख घालून तो खिळ्याला अडकवतात.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. सिमेंट म्हणजे सॉल्व्हेंटमध्ये विरघळवलेलं रबर. सॉल्व्हेंट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं, तेच. आता पावसाळ्यातला हिशोब करा. शेडमध्ये २६ अंश, आर्द्रता ९० टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण २४ अंश. म्हणजे पाठ नुसती दोन अंशांनी गार झाली तरी तिच्यावर दव धरतं, आणि सॉल्व्हेंट तर तिला त्याहून जास्त गार करतं. सिमेंट वाळताना वर पाण्याची अदृश्य पातळ झाक बसते. ती डोळ्याला दिसली तरी एवढीच दिसते की काळं सिमेंट जरा भुरकट वाटतं, चमक जाते. मग त्यावर पॉली बसते आणि पाणी आत कोंडलं जातं. रिट्रेडरच्या चेंबरमध्ये शंभर अंशांवर त्या पाण्याचं जे व्हायचं ते होतं. ते डाळीएवढे चकचकीत डाग त्याचेच.

आम्ही सिमेंट घट्ट केलं तेव्हा थर जाड झाला. वरचा पापुद्रा लवकर वाळला, खालचं सॉल्व्हेंट आतच अडकलं. पाण्याच्या जोडीला सॉल्व्हेंटचे फुगे. तक्रारी वाढल्या आणि आम्ही सिमेंट आणखी घट्ट केलं. आज आठवलं तरी वाईट वाटतं.

वाळवायला पंखे लावणं हा सगळ्यांच्या मनात पहिला येणारा उपाय. आमच्याही आला. पण पंखा तीच दमट हवा आणखी जोरात मारतो. उपयोग झाला तो उलट्या दिशेने गेल्यावर. सिमेंट लावण्याआधी पट्टाच कोमट करायचा, ४० ते ४५ अंश. मग सॉल्व्हेंटने कितीही गार केला तरी तो दवबिंदूच्या वर राहतो. बफिंग आणि फवारा यांच्यामध्ये एक लहान बोगदा बसवला, वाफेच्या कॉइलवरून गरम केलेली हवा त्यातून फिरते. फवाऱ्यानंतर दुसरा बोगदा, तिथे तीच गरम कोरडी हवा आणि वरून ओढून घेणारा एक्झॉस्ट.

इथे हात जोडून एक सांगतो. सॉल्व्हेंटच्या वाफा असलेल्या जागी उघडी कॉइल असलेला विजेचा हीटर कुणीही लावू नका. तापलेली तार, साधी मोटर, साधा स्विच, यातलं काहीही आग लावू शकतं. पॉली सोलताना किंवा गुंडाळताना स्थिर विजेची ठिणगी पडते, म्हणून रोलरना अर्थिंग हवंच. वाफेची किंवा गरम पाण्याची कॉइल वापरा आणि एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय फवारा सुरूच होणार नाही अशी जोडणी करून घ्या. चार पैशांच्या बचतीसाठी फवाऱ्यावरच्या पोरांचा जीव धोक्यात घालू नये.

सिमेंटचा घट्टपणा आता फोर्ड कपने मोजतो. कपच्या भोकातून ते वाहून जायला किती सेकंद लागतात, एवढंच. जो आकडा तुमच्या सिमेंटला बरोबर बसतो तो एकदा ठरवा आणि दर ड्रमला मोजा. ड्रम आधी तळापासून ढवळा, कार्बन खाली बसतो. वाळलं की नाही हे बोटाच्या टोकाने बघू नका, टोकाला घाम असतो. बोटाच्या मागच्या बाजूने, पेराने टेकून बघा. काळं लागलं तर अजून वेळ द्या. आणि भिंतीवर ओल्या-कोरड्या फुग्याचा थर्मामीटर टांगा. साधं उपकरण आहे, पण त्यामुळे "आज हवा कशी वाटते" यावर वाद होत नाही.

थंडीतला आजार आणि तिसरा टायर

जानेवारीच्या ढिगातले आकडे बघत बसलो होतो. खाचेतला आकडा ८, मग ९, मग ९, मग १०, पुन्हा ८. एक-दोन सोडले तर सगळे एकाच टोकाचे.

१० मीटरच्या कॉइलमधून १०.००-२० चे तीन टायर निघतात, प्रत्येकाला तीन मीटरच्या वर पट्टा लागतो. म्हणजे प्रत्येक कॉइलमधले दोन टायर उत्तम आणि तिसरा कच्चा. यामुळेच तर आम्ही इतकी वर्षं चुकत होतो. रिट्रेडर तक्रार घेऊन आला की आम्ही म्हणायचो, "त्याच कॉइलचे बाकीचे दोन टायर पळतायत ना? मग पट्टा खराब कसा? तुमच्याच कामात काहीतरी राहिलं." तो निरुत्तर व्हायचा. त्याचं काम चोख होतं.

स्पंजी रबर म्हणजे कच्चं शिजलेलं रबर. प्रेस उघडून दाब गेला त्या क्षणी खांद्याच्या पोटात पुरेसा क्युअर झालेला नसेल तर आतली हवा आणि वाफा फुगतात. खांदा सगळ्यात जाड, आणि रबर उष्णतेचं फार आळशी वाहक. प्लेटनवर, म्हणजे प्रेसच्या तापवलेल्या पाटीवर, १५० अंश असले तरी पोटात १४० पोचायला खांद्याच्या जाडीनुसार पंधरा-वीस मिनिटंही जातात. म्हणून बाहेरून पट्टा टणक, कडकपणाच्या शोअर ए मापाला ६४-६५ नीट दाखवतो, आणि आत कच्चा. हार्डनेस मीटर वरचं कातडं मोजतो, पोट नाही.

पहिला संशय कच्च्या पट्ट्यावर गेला. एक्स्ट्रूडर, म्हणजे कच्चं रबर दाबून पट्टी काढणारं यंत्र, त्यातून निघालेला, वजनावर तोडलेला पट्टा रात्रभर रॅकवर पडतो. थंडीच्या रात्री तो १५ अंशांवर येतो, उन्हाळ्यात ३५ वर असतो. आम्ही खांद्याच्या मधोमध तापमान मोजणारी थर्मोकपलची बारीक तार ठेवून मोजलं, गार पट्टा आणि कोमट पट्टा, दोन्ही. फरक मिनिट-दीड मिनिटाचा. दुर्लक्ष करावं असा नाही, पण एवढ्याने स्पंज होत नाही. आणि गार पट्ट्याचा दोष असता तर तो दहाही मीटरमध्ये दिसला असता.

मग काँटॅक्ट पायरोमीटर, म्हणजे टेकवून तापमान मोजायचं यंत्र, घेऊन प्लेटन फूटभर अंतराने मोजली, पहाटे चार वाजता. दिवसा मोजून उपयोग नव्हता. वाफेचा गेज ४ किलो दाखवत होता, म्हणजे सुमारे १५१ अंश असायला हवेत. पहिल्या टोकाला प्लेटनवर १५० मिळाले. सहाव्या मीटरपासून आकडा उतरायला लागला आणि दाराकडच्या शेवटच्या टोकाला १४२.

आठ अंश ऐकायला कमी वाटतात. रबराचा क्युअर दर १० अंशांना साधारण दुप्पट किंवा निम्मा होतो. आठ अंश कमी म्हणजे २० मिनिटांच्या क्युअरमधून त्या टोकाला जेमतेम साडेअकरा मिनिटांचा क्युअर मिळाला.

कारण स्टीम ट्रॅपमध्ये, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेत, निघालं. त्या टोकाचा ट्रॅप गंजाच्या चिखलाने अर्धा बुजलेला. उन्हाळ्यात वाफेचं पाणी कमी व्हायचं तेव्हा तो कसाबसा निभावून न्यायचा. थंडीत पाइपांवरचं उघडं पडलेलं इन्सुलेशन, दारातून येणारा वारा, पहाटे बॉयलरचा उतरलेला दाब, सगळं एकत्र आलं की पाणी वाढायचं आणि प्लेटनच्या पोटातच साचायचं. पाणी साचलेल्या जागी वाफ पोचत नाही. गेज मात्र ४ किलोच दाखवतो, कारण गेज दाब मोजतो, तापमान मोजत नाही. वाफेत हवा कोंडली असेल तरी हेच होतं.

उपाय फार मोठे नव्हते. ट्रॅपआधी गाळणी बसवली, ट्रॅप दर तीन महिन्यांनी उघडून साफ होतात. पाइपांचं इन्सुलेशन नवं केलं. दाराकडे जाड पडदा लावला. प्रत्येक प्लेटनच्या दोन्ही टोकांना कायमचे सेन्सर बसवले आणि दोघांतला कमी आकडा एका ठरलेल्या मर्यादेवर गेल्याशिवाय क्युअरचा टायमर सुरू होत नाही. कच्च्या पट्ट्याचे रॅक प्रेसजवळच्या उबदार भागात हलवले, ते मिनिट-दीड मिनिटही मग वाचलं.

कुणाच्याही मनात येईल की मग वेळच का वाढवू नये, २० ऐवजी २८ मिनिटं? आम्ही काही दिवस तेही केलं. पहिली सात मीटर जास्त शिजली. जास्त शिजलेल्या पाठीला कुशन नीट धरत नाही, कारण जोडायला जागा उरत नाही. नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त असेल तर फार वेळ तापवल्याने ते उलट मऊही पडायला लागतं. शिवाय पट्टा रिट्रेडरच्या चेंबरमध्ये पुन्हा तीन-चार तास तापणारच आहे. त्यासाठी थोडी जागा ठेवावी लागते. एका टोकाचा आजार झाकायला दुसऱ्या टोकाला आजारी पाडायचं नसतं.

रोजची तपासणी साधी आहे. प्रत्येक प्रेसच्या शिफ्टमधल्या पहिल्या पट्ट्याची दोन्ही टोकं कापायची, खांद्याचा सगळ्यात जाड भाग सुरीने उभा चिरायचा आणि भिंगाखाली बघायचा. एक जरी भोक दिसलं तरी प्रेस थांबते.

बारमाही गोष्टी

पाठीच्या बाजूच्या सपाट प्लेटवर सिलिकॉन मारू नका. पट्टा सटकन निघतो म्हणून प्रेसवरच्या माणसाला ते आवडतं. पण सिलिकॉन पाठीत बसतं आणि ब्रश ते काढत नाही, पसरवतो. नक्षीच्या बाजूला हवं तर पाण्यावर चालणारं, तेही मोजून. सिलिकॉनचा डबा शॉपमधूनच हद्दपार केला की प्रश्न मिटतो.

झिजलेला तारेचा ब्रश खरवडत नाही, घोटतो. पाठ गरम होते, चमकते, धूळ चिकट निघते. ती चमक म्हणजे जळलेलं रबर. ब्रश किती मीटर चालला याची नोंद ठेवा आणि त्यावर बदला, माणसाच्या अंदाजावर नको. एका जोरदार फेरीपेक्षा दोन हलक्या फेऱ्या बऱ्या. आणि बफ केलेली पाठ त्याच शिफ्टमध्ये सिमेंटखाली गेली पाहिजे. रात्रभर उघडी राहिली की मेण आणि अँटिऑक्सिडंट पुन्हा वर येतात. थंडीत जास्तच येतात, कारण गार रबरात त्यांची विद्राव्यता कमी होते. शिळी पाठ पुन्हा बफ करा, नुसती पुसून चालत नाही.

पॉलीचं एक प्रकरण आमच्याकडे सहा महिने सापडत नव्हतं. खरेदीने स्वस्तातली पॉली आणली होती, हाताला छान गुळगुळीत. तिचा गुळगुळीतपणा आत घातलेल्या घसरणाऱ्या द्रव्याचा होता. ते हळूहळू वर येतं आणि सिमेंटवर उतरतं. आता पॉली घेतानाच लिहून घेतो की त्यात स्लिप ॲडिटिव्ह नको.

लांबीचा प्रश्न जोडाशी संबंधित आहे, म्हणून तोही सांगून टाकतो. प्रेसमधून निघालेला पट्टा थंड होताना दोन टक्क्यांच्या आसपास आकसतो, १० मीटरला वीसेक सेंटीमीटर. तो गरम असतानाच ताणून गुंडाळला तर आकसायचं राहून जातं आणि मग दुकानातल्या रॅकवर आकसतो. रिट्रेडर मापाने कापतो, टायरवर चढवताना पट्टा कमी पडतो, तो ओढून बसवतो. काही दिवसांत पट्ट्याची दोन टोकं मिळतात तिथला, तोंडावरचा जोड उघडतो. पट्टा आडवा, मोकळा, ताण न देता पूर्ण गार होऊ द्या आणि मगच गुंडाळा. जागा लागते, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

खात्री कशी करायची

दर शिफ्टला प्रत्येक प्रेसच्या दोन्ही टोकांतून २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, पाठीला पाठ लावून मध्ये कुशन, आणि चेंबरच्या तापमानाला, चेंबरच्याच वेळेत शिजवायच्या. गार झाल्यावर ओढून सोलायच्या. टेन्साइल मशीन असेल तर आकडा मिळेल. नसेल तर एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पक्कडीने ओढा. आकड्यापेक्षा फाटलेला चेहरा जास्त सांगतो. रबर खडबडीत, वेडंवाकडं फाटलं पाहिजे. गुळगुळीत सोललं तर ती शिफ्ट गोदामात जायची नाही. गरम असताना ओढलेली चाचणी आणखी कडक. टायर रस्त्यावर गरमच असतो, म्हणून महिन्यातून काही वेळा ती जरूर करा.

हे सगळं बसवायला आम्हाला दोन पावसाळे आणि दोन हिवाळे लागले. पहिल्या पावसाळ्यात बोगदा चालू ठेवायला लोक विसरायचे, म्हणून फवाऱ्याचा पंपच बोगद्याच्या तापमानाला जोडला. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात ऊस तेवढाच भरला जात होता, ट्रक तेच होते, रस्ते तेच होते. जोडातून सोललेला तुकडा त्या हंगामात एकच आला. त्यावरचा महिना बघितला तर मे निघाला, आणि कारण मिळालं झिजलेल्या ब्रशमध्ये.

ज्या रिट्रेडरला आम्ही "तुमच्याच कामात राहिलं" असं सांगत आलो होतो, त्याच्या दुकानात मी स्वतः गेलो. तिसऱ्या टायरचं सगळं समजावलं, आकडे दाखवले, आणि चूक आमची होती हे त्याच्या कामगारांसमोर सांगितलं. त्याने चहा मागवला. मग आतून एक पोतं आणलं. त्यात त्याने जपून ठेवलेले जुने तुकडे होते, प्रत्येकावर खडूने गाडीचा नंबर. आम्ही ते कधी मागितलेच नव्हते.

तुमच्याकडेही असा तुकडा आला तर धुऊ नका, पुसू नका. पाठीवर बोट लावू नका. सुटलेल्या दोन्ही बाजू, म्हणजे पट्ट्याकडची आणि केसिंगकडची, हातभर लांबीच्या कापा आणि कोऱ्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळा. खाचेतला आकडा आणि महिना वाचता येईल असा भाग त्यात असू द्या. टायर कधी चढवला, किती चालला, गाडीच्या कोणत्या बाजूला होता, हे कागदावर लिहा आणि पट्टा बनवणाऱ्याकडे पाठवा. त्याने बघितल्याशिवायच ओव्हरलोडचं कारण सांगितलं, तर त्याला पाठ उन्हात तिरकी धरून बघायला सांगा.